गावाची जमीन, गोल्फची फेरी

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर सेंट अँड्र्यूज नावाचं छोटं गाव आहे. जगातलं सर्वांत नावाजलेलं गोल्फचं मैदान, ‘ओल्ड कोर्स’, याच गावात आहे आणि ते रविवारी बंद असतं. बंद म्हणजे फक्त गोल्फसाठी बंद. एखाद्या मोठ्या स्पर्धेचा आठवडा सोडला, तर रविवारी त्या हिरवळीवर गावातली माणसं कुत्री फिरवतात, पोरं हुंदडतात, पर्यटक स्विल्कनच्या दगडी पुलावर उभे राहून फोटो काढून घेतात. इतर सहा दिवशीही पहिल्या आणि अठराव्या होलच्या पट्ट्यातून एक सार्वजनिक रस्ता आडवा जातो. त्या रस्त्याने समुद्राकडे कुणी चाललं असेल, तर सातासमुद्रापलीकडून आलेल्या खेळाडूलाही स्टिक खाली धरून वाट मोकळी होईपर्यंत थांबावं लागतं. आपल्याकडे गोल्फ म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते उंच कुंपण, फाटकावरचा पहारेकरी आणि वर्षानुवर्षं न हलणारी सदस्यत्वाची प्रतीक्षायादी. त्यामुळे हा खेळ मुळातच महाग आहे, सामान्य माणसाने त्याच्या वाटेला जाऊ नये, असं आपण गृहीत धरून टाकलं आहे. या लेखाचं म्हणणं वेगळं आहे. गोल्फची एक फेरी परवडते की नाही, हे खेळाडूच्या काटकसरीवर थोडं आणि मैदानाची जमीन कुणाची, तिथल्या वेळेची वाटणी कोण करतं, यावर फार अवलंबून असतं. आपल्या गावातल्या मैदानावर एक स्वस्त फेरी खेळायचा बेत आखणं ही वरवर पाहता फावल्या वेळेची गोष्ट आहे. पण तो बेत जिथे आखता येतो, तिथे कुणीतरी आधी जमिनीची लढाई लढलेलं असतं.

सेंट अँड्र्यूजची लढाई चांगली चारशेहून अधिक वर्षं चालली. १५५२ साली तिथले आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांनी एका सनदेने समुद्रालगतच्या रेताड गवताळ पट्ट्यावर ससे पाळण्याचा हक्क स्वतःकडे घेतला; मात्र त्याच सनदेत गावकऱ्यांचा तिथे गोल्फ, फुटबॉल, नेमबाजी आणि इतर खेळ खेळण्याचा हक्क मान्य केला. म्हणजे त्या गावात गोल्फ हा वहिवाटीचा हक्क होता, गायरानात गुरं चारण्यासारखा. पुढे १७९७ मध्ये कर्जात बुडालेल्या नगरपालिकेने हा पट्टा विकून टाकला. तो सशांचा धंदा करणाऱ्या व्यापाऱ्यांकडे गेला, सशांनी मैदान पोखरलं आणि खेळणारे व व्यापारी यांच्यात वर्षानुवर्षं कोर्टकज्जे झाले. १८२१ मध्ये शेजारच्या जमीनदाराने, जेम्स चीप याने, गोल्फ वाचवण्यासाठी ती जमीन विकत घेतली. १८९३ मध्ये ती ‘रॉयल अँड एन्शंट’ या बड्या क्लबाच्या हातात गेली. इथे गोष्ट संपली असती, तर तिचा शेवट आपल्या ओळखीचा झाला असता. पण दुसऱ्याच वर्षी, १८९४ मध्ये, संसदेच्या कायद्याने नगरपालिकेने जमीन परत मिळवली. तडजोड अशी झाली की, क्लबाने स्वतःच्या खर्चाने शेजारी दुसरं मैदान बांधून द्यायचं आणि बदल्यात सदस्यांना खेळाच्या काही ठरावीक वेळा मिळायच्या. ते दुसरं मैदान १८९५ मध्ये उघडलं आणि आज सव्वाशे वर्षांनंतरही ‘न्यू कोर्स’ याच नावाने ओळखलं जातं. १९७४ मध्ये आणखी एका कायद्याने या सगळ्या मैदानांची व्यवस्था एका सार्वजनिक ट्रस्टकडे सोपवली गेली. गोल्फचे नियम ठरवण्यात ज्यांचा शब्द प्रमाण मानला गेला, त्या क्लबाची मैदानालगत देखणी इमारत आहे. मैदान मात्र त्यांचं नाही. क्लबाचं घर वेगळं आणि गावाची जमीन वेगळी, ही फारकत हाच या साऱ्या इतिहासाचा गाभा आहे.

जमीन सार्वजनिक झाली म्हणजे प्रत्येकाला हवी तेव्हा फेरी मिळते, असं नाही. दिवसाचे तास ठरलेले असतात, खेळणारे वाढत जातात. म्हणून खरा प्रश्न वाटणीचा असतो. सेंट अँड्र्यूजमध्ये ट्रस्टकडे आज सात मैदानं आहेत. ओल्ड कोर्सवर हंगामात पाहुण्याला एका फेरीसाठी ३०० पौंडांच्या वर मोजावे लागतात. त्याच गावातला रहिवासी मात्र वार्षिक तिकीट काढतो आणि पाहुण्याच्या अशा एखाद-दोन फेऱ्यांच्या पैशांत वर्षभर खेळतो. पाहुण्यांचा पैसा गावकऱ्यांचं गवत कापतो, असा हा सरळ हिशेब आहे. ओल्ड कोर्सवरच्या बऱ्याच वेळांसाठी सोडत निघते: दोन ते चार जणांनी खेळण्याच्या दोन दिवस आधी नावं द्यायची आणि नशिबाची वाट पाहायची. एकट्याने येणारे पूर्वी मध्यरात्रीपासून रांग धरत; २०२४ पासून त्यांच्यासाठीही सोडतच आहे. नवशिक्यासाठी बालगोव्ह हे नऊ होलचं छोटं मैदान आहे. आणि ज्याला तेवढाही वेळ किंवा पैसा नाही, त्याच्यासाठी ‘हिमालयाज’ आहे. १८६७ मध्ये स्थापन झालेल्या तिथल्या महिलांच्या पटिंग क्लबाची ही हिरवळ अशी उंचसखल आहे की नाव सार्थ वाटावं. काही पौंड द्यायचे, तिथलाच एक पटर आणि चेंडू उचलायचा आणि टेकाडांवरून चेंडू घरंगळवत अर्धा-पाऊण तास खेळायचं. आजोबा आणि नातू इथे बरोबरीने खेळू शकतात, कारण ताकदीचा संबंधच येत नाही. जगप्रसिद्ध मैदानापासून हाकेच्या अंतरावर, आइस्क्रीमच्या भावात गोल्फची चव घेता येते. एकाच जमिनीवर इतक्या पायऱ्या ठेवलेल्या असल्यामुळे गावातलं कुणीही कुठल्या ना कुठल्या पायरीवर उभं राहू शकतं.

आता फेरीच्या बेताकडे वळू. सार्वजनिक मैदानावर जाणाऱ्याचा खर्च साधारण पाच ठिकाणी होतो: मैदानाचं भाडं म्हणजे ग्रीन फी, स्टिक, चेंडू, बॅग वाहून नेण्याची सोय आणि स्वतःचा वेळ. यातल्या चार गोष्टी खेळाडूच्या हातात असतात. नियमानुसार बॅगेत जास्तीत जास्त १४ स्टिक ठेवता येतात. पण ती कमाल मर्यादा आहे, किमान नाही. सहा-सात स्टिकच्या जुन्या अर्ध्या संचावर नवशिक्याचं काही अडत नाही आणि तेवढी बॅग खांद्यावर टाकून चालता येतं, त्यामुळे बॅटरीच्या गाडीचं भाडं वाचतं. अठरा होलच्या फेरीत आठ-दहा किलोमीटर चाल होते; ज्याला व्यायामासाठी खेळायचं आहे, त्याने ही चाल पैसे देऊन टाळण्यात काय हशील? चेंडू हरवतात ते बहुधा झेपत नसलेल्या अंतरावरून खेळण्याच्या हौसेपायी. त्यावर एक जुना आडाखा आहे: पाच नंबरच्या आयर्नने आपला चेंडू जेवढा जातो, त्या अंतराला ३६ ने गुणावं आणि साधारण तेवढ्या एकूण लांबीच्या टीवरून, म्हणजे पहिला फटका मारण्याच्या जागेवरून, खेळावं. दीडशे यार्ड जात असेल तर ५,४०० यार्ड. बहुतेक मैदानांवर पुढच्या टी याच लांबीच्या असतात, आणि तिथून खेळण्यात कसलाही कमीपणा नाही. राहिला वेळ. चौघांच्या गटाला अठरा होलसाठी चार-साडेचार तास लागतात, जाण्यायेण्यात आणखी वेळ जातो. नोकरदाराचा सुटीचा अख्खा दिवस मोडतो. नऊ होलची फेरी दोन तासांत उरकते. बऱ्याच सार्वजनिक मैदानांवर आठवड्याच्या मधल्या दिवशी, दुपारी उशिरा किंवा नऊच होलसाठी दर कमी असतो. तेव्हा पहिला बेत आखणाऱ्याने बुधवारची उतरती दुपार धरावी, नऊ होल ठरवावेत, अर्धा संच भाड्याने घ्यावा आणि पुढच्या टीवरून चालत खेळावं. पहिल्या फेरीसाठी याहून जास्त तयारी लागत नाही.

खेळाच्या नियमकर्त्यांनीही गेल्या काही वर्षांत याच दिशेने पावलं टाकली आहेत. २०१९ मध्ये हरवलेला चेंडू शोधण्याची मुदत पाच मिनिटांवरून तीन मिनिटांवर आली. जो तयार आहे त्याने आधी खेळावं, या पद्धतीला त्याच वर्षी नियमांतूनच उत्तेजन मिळालं. एरवी होलपासून सर्वांत लांब असलेल्यानेच आधी खेळायचं, ही रीत होती. २०२० पासून लागू झालेल्या जागतिक हँडिकॅप पद्धतीत नऊ होलची फेरीही हिशेबात धरली जाते आणि स्त्री असो वा पुरुष, कमाल हँडिकॅप ५४ आहे. म्हणजे प्रत्येक होलला तीन फटक्यांची सवलत मिळणारा कच्चा खेळाडूही एखाद्या मुरलेल्या खेळाडूशी बरोबरीचा सामना खेळू शकतो. कॅरम किंवा बुद्धिबळात अशी सोय नाही. एक युक्ती तर याहूनही जुनी आहे. फ्रँक स्टेबलफर्ड या डॉक्टरने गुणांची एक पद्धत काढली आणि १९३२ पासून ती रूढ होत गेली. या पद्धतीत एखाद्या होलवर फजिती झालीच, तर चेंडू उचलून खिशात टाकायचा, शून्य गुण घ्यायचे आणि पुढे चालू लागायचं. बारा फटक्यांची नामुष्की टळते आणि मागचा गटही खोळंबत नाही. या सगळ्या बदलांचा रोख एकच आहे: कमी वेळात, कमी कौशल्यावर, लाज न वाटता खेळता यावं. पण पाचवी गोष्ट, म्हणजे मैदानाचं भाडं आणि तिथे पाय ठेवण्याची मुभा, यांतलं काहीच खेळाडूच्या हातात नसतं. ती मुभाच नसेल, तर वरची सगळी काटकसर कागदावर राहते.

अमेरिकेत या मुभेची गोष्ट अधिक ठसठशीत दिसते. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या व्हॅन कोर्टलंट पार्कमध्ये १८९५ साली त्या देशातलं पहिलं सार्वजनिक गोल्फ मैदान उघडलं. त्याच राज्यात, लाँग आयलंडवर, १९३० च्या दशकातल्या महामंदीत बेरोजगारांच्या हातांना काम देण्यासाठी सरकारी खर्चाने बेथपेज स्टेट पार्कची मैदानं उभी राहिली. तिथलं ‘ब्लॅक’ हे मैदान १९३६ मध्ये खुलं झालं. पहिल्याच टीजवळ पाटी आहे: हे मैदान अत्यंत अवघड आहे, निष्णात खेळाडूंनीच खेळावं. त्यावर गाडी चालत नाही, सगळ्यांनी पायीच जायचं. २००२ आणि २००९ ची यू.एस. ओपन स्पर्धा तिथे झाली, २०१९ ची पीजीए चॅम्पियनशिप झाली, २०२५ चा रायडर कप झाला. एवढं असूनही ते सरकारी उद्यानाचं मैदान आहे आणि राज्याबाहेरच्या माणसाला तिथल्या रहिवाशाच्या दुप्पट दर पडतो. त्यामुळे तिथले लोक फेरीसाठी काय करतात ते पाहण्याजोगं आहे. वाहनतळावर क्रमांक घातलेल्या जागा आहेत. ज्यांना आरक्षण मिळालेलं नाही, ते आदल्या संध्याकाळीच आपली गाडी त्या जागेत लावतात, गाडीतच झोपतात आणि पहाटे कर्मचारी येऊन क्रमाने चिठ्ठ्या देतो. त्या रांगेत सुतार असतो, वकील असतो, शाळेतला मास्तर असतो. रांगेतला नंबर हीच तिथली सदस्यता. ली ट्रेव्हिनोसारखा गरीब घरातला मुलगा डॅलसच्या टेनिसन पार्क या महापालिकेच्या मैदानावर घडला आणि पुढे दोन वेळा यू.एस. ओपन जिंकला, तेही अशाच मोकळ्या फाटकामुळे.

फाटक मोकळं असणं ही मात्र आपोआप घडणारी गोष्ट नव्हे. अटलांटा शहरात १९५१ मध्ये होम्स कुटुंबातल्या कृष्णवर्णीय खेळाडूंना बॉबी जोन्स यांच्या नावाच्या महापालिकेच्या मैदानावर खेळू दिलं गेलं नाही. कर ते भरत होते, मैदान त्यांच्या करातून चालत होतं. खेळायचा हक्क तेवढा नव्हता. त्यांनी दावा लावला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि नोव्हेंबर १९५५ मध्ये ‘होम्स विरुद्ध अटलांटा’ या खटल्यात निकाल त्यांच्या बाजूने लागला. व्यावसायिक गोल्फपटूंच्या अमेरिकी संघटनेच्या घटनेत ‘फक्त गोऱ्यांसाठी’ ही अट होती. ती निघायला १९६१ साल उजाडावं लागलं. खाजगी क्लबांची दारं तर त्यानंतरही कितीतरी वर्षं बंदच राहिली. यातला फरक ध्यानात घेण्यासारखा आहे. सार्वजनिक मैदानावर अन्याय झाला, तेव्हा न्यायालयात जाऊन विचारण्याची सोय होती: हे मैदान आमचं आहे, मग आम्हाला मज्जाव का? खाजगी क्लबाला हा प्रश्न विचारताच येत नव्हता. सार्वजनिक जमिनीचा पहिला फायदा स्वस्त दर हा नाही. तिथे जाब विचारता येतो, हा आहे. दर स्वस्त होतो तो त्याच्या पाठोपाठ.

तरीही जमीन सार्वजनिक असणं पुरेसं नाही, हे पुन्हा न्यूयॉर्कमध्येच दिसतं. ब्रॉन्क्समधल्या फेरी पॉइंट इथे न्यूयॉर्क महापालिकेच्या जुन्या कचराभूमीवर २०१५ मध्ये एक मैदान उघडलं. जमीन शहराची, बांधण्याचा प्रचंड खर्चही शहराचा. चालवायचं कंत्राट मात्र ट्रम्प यांच्या कंपनीला दिलं गेलं आणि तिथला दर शहराच्या इतर मैदानांच्या कैकपट चढा राहिला. कचऱ्याच्या ढिगावर हिरवळ उगवली हे चांगलंच झालं, पण ज्यांच्या करांतून ती उगवली, त्यांच्यातल्या बहुतेकांना ती दुरूनच पाहायला मिळाली. सातबारा कुणाच्या नावावर आहे एवढं पाहून थांबू नये. करारात दर ठरवण्याचा अधिकार कुणाला दिला आहे, हेही वाचावं, एवढा धडा त्यातून घ्यायला हरकत नाही.

आता आक्षेपांकडे येऊ, आणि त्यातला सर्वांत जड आक्षेप आधी घेऊ. अठरा होलच्या मैदानाला शंभर ते दीडशे एकर जमीन लागते. दहा-दहा मिनिटांनी चौघांचा एक गट सोडला, तर तासाला २४ जण सुटतात. आठ तास सोडत राहिलं तरी दिवसभरात २०० जणसुद्धा होत नाहीत. दादरचं शिवाजी पार्क अवघं २८ एकरांचं आहे आणि रविवारी तिथे एकाच वेळी कितीतरी क्रिकेटचे सामने, मल्लखांब, फेरफटका आणि कट्ट्यावरच्या गप्पा सुरू असतात. ज्या मुंबईत पोरांना चेंडू टाकायला जागा नाही, तिथे गोल्फसाठी शंभर एकर मागणं ही चैन आहे, असं कुणी म्हणालं तर त्याचं काही चुकत नाही. मुंबईच्या दाट वस्तीत नवं अठरा होलचं मैदान होऊ नये, असंच प्रस्तुत लेखकाचंही मत आहे. पण आक्षेप अठरा होलना लागू पडतो, गोल्फला नाही. एडिनबर्ग शहराच्या ऐन मध्यात ब्रंट्सफील्ड लिंक्स या सार्वजनिक हिरवळीवर छोट्या छोट्या होलचं मैदान आहे. तिथे खेळायला पैसे पडत नाहीत आणि त्याच गवतावर माणसं पथारी पसरून उन्हात बसलेली असतात. ओल्ड कोर्स स्वतःदेखील जागेच्या बाबतीत कंजूष आहे. तिथल्या अठरा होलपैकी चौदा होल सात जोड-हिरवळींवर संपतात: दुसरा आणि सोळावा एकत्र, तिसरा आणि पंधरावा एकत्र, असं, प्रत्येक जोडीची बेरीज अठरा. जाताना पांढरं निशाण, येताना लाल. जाणारे आणि येणारे एकाच हिरवळीवर एकमेकांना सांभाळून खेळतात. आणि मुळात तो पट्टा शेतीला निरुपयोगी वाळूचा होता, म्हणून खेळासाठी राहिला. आपल्याकडेही बंद पडलेल्या दगडखाणी आणि भरून निघालेल्या कचराभूमी आहेत. नऊ छोट्या होलसाठी पंधरा-वीस एकर पुरतात. दुसरीकडे, शहरांतल्या जुन्या क्लबांकडे आधीच असलेल्या भाडेपट्ट्याच्या जमिनींचा प्रश्न उरतोच. महालक्ष्मी रेसकोर्सच्या सुमारे २११ एकरांपैकी १२० एकर सार्वजनिक उद्यानासाठी घेण्याचा व्यवहार मुंबईत २०२४ मध्ये होऊ शकला. मग गोल्फच्या ज्या जमिनी सरकारी पट्ट्याच्या आहेत, तिथे आठवड्यातले काही तास शहरासाठी मागणं ही फारच माफक मागणी म्हणायला हवी.

दुसरा आक्षेप पाण्याचा. मराठवाड्यात टँकरच्या रांगा लागलेल्या असताना पुण्या-मुंबईत हिरवळीला पाणी पाजणं डोळ्यांत खुपतं, आणि ते खुपलंच पाहिजे. पण गोल्फला पाचूसारखी हिरवळ लागते, ही समजूत दूरचित्रवाणीवर दिसणाऱ्या अमेरिकी स्पर्धांनी करून दिलेली आहे. २००६ ची ब्रिटिश ओपन लिव्हरपूलजवळच्या हॉयलेक इथे झाली, तेव्हा उन्हाने मैदान पिवळं-तपकिरी पडलं होतं. टायगर वूड्सने त्या टणक जमिनीचा अंदाज घेऊन चार दिवसांच्या ७२ होलमध्ये ड्रायव्हर ही सर्वांत लांबचा फटका मारणारी स्टिक फक्त एकदाच वापरली आणि स्पर्धा जिंकली. सुकलेल्या गवतावर खेळ मरत नाही, उलट डोकं जास्त चालवावं लागतं. आपल्याकडच्या लष्करी छावण्यांतल्या मैदानांना तर हे कुणी शिकवायला नको होतं. पाणी नाही म्हणून तिथे हिरवळीच्या जागी तेल शिंपडून दाबलेल्या वाळूचे गोल असत, त्यांना ‘ब्राउन्स’ म्हणत आणि त्यावर पिढ्यान्‌पिढ्या पटिंग झालं. म्हणून सार्वजनिक पैशातल्या मैदानाला दोन अटी घालाव्यात: पिण्याच्या पाण्याचा थेंबही वापरायचा नाही, सांडपाणी शुद्ध करून मिळेल तेवढंच, आणि उन्हाळ्यात मैदान तपकिरी पडलं तर पडू द्यायचं. ज्याला बारमाही पाचू हवा, त्याने त्याची किंमत स्वतःच्या क्लबात मोजावी.

तिसरा आक्षेप असा, की सार्वजनिक मैदान उघडलं तरी खेळायला येणार ते गाडीवालेच; मग करदात्याने सुखवस्तूंच्या करमणुकीला हातभार का लावावा? हा आक्षेप अर्धा खरा आहे. अर्धा अशासाठी की, भारतात गोल्फच्या मैदानाच्या आत पहिल्यापासून गरीब माणूस आहेच. फक्त त्याच्या हातात दुसऱ्याची बॅग असते. अली शेर दिल्लीत कॅडी होता. १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक ठरला. शिव शंकर प्रसाद चौरसिया यांचे वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबात मैदानाची निगा राखण्याचं काम करत. १८२९ मध्ये स्थापन झालेला हा क्लब ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना गोल्फ क्लब आहे. त्या आवारात पाहून पाहून खेळ शिकलेल्या मुलाने २००८ मध्ये दिल्लीत इंडियन मास्टर्स जिंकली, पुढे २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं इंडियन ओपन जिंकली आणि रिओ ऑलिंपिकमध्ये देशाचं प्रतिनिधित्व केलं. अनेक क्लबांत आठवड्यातून एक दिवस, सदस्यांसाठी मैदान बंद असताना, कॅडींना खेळू देण्याची जुनी रीत आहे. म्हणजे इच्छा आणि गुण यांची वाण कधीच नव्हती. कमी पडली ती हक्काची वेळ. मेहेरबानीच्या एका दिवसातून एवढे खेळाडू निघत असतील, तर हक्काच्या तासांतून किती निघतील, याचा अंदाज करायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. आणि ‘गाडीवालेच येतील’ याला उत्तर दराच्या रचनेत आहे. रविवार सकाळच्या वेळेला चढा दर लावावा, कंपन्यांच्या स्पर्धांकडून भरपूर घ्यावं आणि त्या पैशांतून महापालिका शाळेतल्या मुलांची मधल्या वाराची दुपार फुकट ठेवावी. सेंट अँड्र्यूज आणि बेथपेज दोन्हीकडे चढ्या दराने उतरत्या दराचा भार उचलला आहे.

चौथा आक्षेप पैशाच्या तोट्याचा. ब्रिटनमध्येच गेल्या काही वर्षांत कित्येक नगरपालिकांनी आपली गोल्फ मैदानं परवडत नाहीत म्हणून बंद केली. लंडनच्या दक्षिण भागात बेकनहॅम प्लेस पार्कमधलं सार्वजनिक मैदान २०१६ मध्ये लुइशम नगरपालिकेने बंद केलं, त्या जागी कुरण आणि तळं केलं. २०१९ पासून लोक त्या तळ्यात पोहतात. सेंट अँड्र्यूजला जगभरचे यात्रेकरू येतात, म्हणून त्यांचा हिशेब जुळतो. सर्वच गावांचा जुळेल कसा? आक्षेप रास्त आहे, पण या उदाहरणाकडे दुसऱ्या बाजूनेही पाहता येतं. लोकांना गोल्फपेक्षा तळं जास्त हवं होतं आणि जमीन सार्वजनिक होती, म्हणूनच तो निर्णय घेता आला. पन्नास-शंभर वर्षांच्या पट्ट्याने क्लबाकडे गेलेल्या जमिनीबद्दल शहराला मधल्या काळात असा फेरविचारच करता येत नाही. सार्वजनिक मैदान तोट्यात गेलं तर ते बंद करावं, त्याचं उद्यान करावं, तळं करावं. त्यात गोल्फचा अपमान नाही. जमीन लोकांच्या हातात राहिली, की आज गोल्फ, उद्या फुटबॉल, परवा आणखी काही, असं ठरवायला वाव राहतो. उद्यानं आणि वाचनालयं नफ्यासाठी चालत नाहीत, तशी मैदानंही चालू नयेत. पण ती वापरली जातात की नाही, हे मात्र दर वर्षी तपासावं.

भारतात या दिशेने काहीच झालेलं नाही, असं नाही. दिल्ली विकास प्राधिकरणाचं लाडो सराय इथलं कुतुब गोल्फ कोर्स हे देशातलं पहिलं सार्वजनिक गोल्फ मैदान म्हणून ओळखलं जातं. त्याच प्राधिकरणाने भलस्वा इथेही मैदान केलं. महाराष्ट्रात सिडकोने खारघरच्या डोंगरांच्या पायथ्याशी, सेंट्रल पार्कच्या बाजूला, सदस्यत्वाशिवाय पैसे भरून खेळता येईल असं मैदान विकसित केलं. बाकी आपल्याकडची बहुतेक जुनी मैदानं लष्कराच्या किंवा क्लबांच्या ताब्यात आहेत. तेव्हा महाराष्ट्रातल्या कुणाला परवडणारी फेरी खेळायची झाली, तर निवड हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरते. ती निवड वाढवायची की नाही, हे गोल्फपटू ठरवणार नाहीत. त्यांची संख्या मूठभर आहे आणि त्यांच्यातल्या बहुतेकांची सोय आधीच झालेली आहे. ते ठरवायचं आहे जमिनीच्या मालकांनी, म्हणजे तुम्ही-आम्ही. आपल्या शहरातल्या सरकारी जमिनीवर गोल्फचं मैदान असेल, तर त्याच्या चालकांना चार प्रश्न लेखी विचारा. पट्टा कधी संपतो? सदस्य नसलेल्याला आठवड्यातून किती तास खेळता येतं आणि किती रुपयांत? पाणी कुठून येतं? शेजारच्या वस्तीतल्या मुलांसाठी आणि कॅडींसाठी कोणत्या वेळा राखून ठेवल्या आहेत? जागा महापालिकेची किंवा राज्य सरकारची असेल, तर ही माहिती माहितीच्या अधिकारात मागता येते आणि त्या अर्जाचं शुल्क दहा रुपये आहे. स्वस्त गोल्फची सुरुवात करायला सध्या तरी याहून स्वस्त मार्ग नाही.